दहा गुणांचं आडनाव

खेळाच्या पुस्तकात एवढंच लिहिलं होतं की नायकाला आडनाव द्यायचं असल्यास द्यावं, नसल्यास चालेल. एक ओळ. तीही पानाच्या तळाशी, चिलखतांच्या तक्त्याखाली. ज्या गोऱ्या माणसांनी तो खेळ रचला त्यांनी बुटक्यांचा, राक्षसांचा, जादूगारांचा, बोलक्या झाडांचा विचार केला होता. कोणाच्या अंगात किती बळ, अंधारात कोणाला किती दिसतं, विषारी बाण लागल्यावर माणूस किती वेळ तग धरतो, सगळं मांडलेलं. आडनावाचं मात्र त्यांना काही सुचलं नव्हतं. बिचारे. ती उणीव आम्ही चार पोरांनी जयपुरात, ऐंशीच्या दशकातल्या एका उन्हाळ्याच्या सुट्टीत, खसाच्या कूलरसमोर बसून भरून काढली.

आडनावाबद्दल लिहितोय आणि एकही आडनाव लिहिणार नाही, हे आधीच सांगतो. माझं लिहिलं तर तुम्ही मनात एक आकडा मांडाल, माझ्या एका मित्राचं लिहिलं तर दुसरा. मांडणार नाही असं म्हणू नका. मराठी माणूस आहात, तुम्हाला मी ओळखतो.

वडील फौजेत मेजर होते आणि आम्ही छावणीतल्या क्वार्टरमध्ये राहत होतो. मामा मर्चंट नेव्हीत. त्याने कुठल्याशा बंदरातून तो डबा आणला होता. त्यात तीन पातळ पुस्तकं आणि चमत्कारिक फासे होते. चार बाजूंचा, आठ बाजूंचा, आणि एक वीस बाजूंचा, जो जवळजवळ गोटीच होता. खेळ असा की एकजण जग चालवतो आणि बाकीचे त्यात एकेक नायक होऊन फिरतात. जग चालवणारा म्हणतो, समोर पूल आहे, पुलावर दगडी राक्षस बसलाय, काय करतोस? नायक सांगतो काय करतो. ते जमलं की नाही, ते फासा सांगतो. जग चालवणाऱ्याला आम्ही मास्टर म्हणायचो. डबा माझा होता म्हणून मास्टर मी. याहून जास्त लायकी मला लागली नाही. जगात बहुतेक ठिकाणी लागत नाही. मास्टरचाही एक नायक असावा, हा नियम मीच करून घेतला होता.

बाकीचे तिघे. एक बन्ना. राजपुतांच्या घरात पोराला बन्ना म्हणतात, आम्हीही म्हणायचो. त्याच्या आजोबांचं कधीकाळी छोटंसं ठिकाणं होतं, म्हणजे चार-पाच गावांची जहागीर. आता उरली होती ती भिंतीवरची एक तलवार, मिशीला पीळ देणारे वडील, आणि विद्याधर नगरात प्लॉट पडत होते तिथे नंबर लागावा म्हणून चाललेली खटपट. दुसरा सेठ. त्याच्या बापाचा झोटवाड्यात पत्र्याच्या पेट्यांचा कारखाना होता आणि त्याच्या शर्टाला कायम मशीनच्या तेलाचा वास यायचा. तिसरा रेल्वे कॉलनीतला. वडील स्टेशनवर पार्सल ऑफिसात, नागपूरहून बदली होऊन आलेले. नागपूरचा म्हणून वर्गात त्याला संतरा म्हणायचे. मला मेजर. चौघांपैकी मराठी आम्ही दोघंच.

जयपुरात तेव्हा कोणी नुसतं नाव विचारून थांबत नसे. दूधवाला असो, शाळेचा मास्तर असो, मित्राची आजी असो, प्रश्न एकच, "पूरा नाम?" तुम्ही पूर्ण नाव सांगायचं. समोरचा क्षणभर डोळे बारीक करायचा, आणि मग तुम्हाला चहा कपात द्यायचा की मातीच्या कुल्हडात, की द्यायचाच नाही, हे त्याच्या मनात ठरून जायचं. आमची गंमत अशी की मराठी आडनाव त्यांना वाचता येत नसे. कुठलंही सांगा, चेहरा कोरा. "अच्छा, महाराष्ट्र से." बस.

या कोऱ्या चेहऱ्याने माझे वडील आतून पोळायचे. सातारा जिल्ह्यात आमचं आडनाव सांगितलं की लोक खुर्ची पुढे सरकवतात, हे ऐकत मी लहानाचा मोठा झालो. शहाण्णव कुळी, अमुक मोहिमेत आमचा पूर्वज, तमुक वतन. आणि इथे जयपुरात कोणाला त्याचं काही नाही! एकदा कुणा ठाकूरसाहेबांच्या घरी जेवताना वडिलांनी आमचं मूळ चित्तोडचं आहे म्हणून सांगायला सुरुवात केली. ठाकूरसाहेबांनी ऐकून घेतलं, पापड मोडला, आणि अतिशय अदबीने म्हणाले, "अच्छा, मराठे… वही ना, जो चौथ वसूलने आया करते थे?" टेबलावर सगळे हसले. वडीलही हसले.

संतऱ्याच्या घरी याच कोऱ्या चेहऱ्याचा अर्थ वेगळा होता. एकदा सायकली हातात धरून शाळेतून येताना तो म्हणाला, "आमचे पप्पा म्हणतात, जयपूर बेस्ट आहे. इथं आडनाव सांगतलं का लोकं फक्त स्पेलिंग इचारतात."

मी हसलो. मला ते कळलं होतं, आणि मला ते कळलंय हे त्याला कळलं होतं. आम्ही दोघंही पुढे क्रिकेटवर बोलायला लागलो.

कळलं कसं, तर आईमुळे. तो पहिल्यांदा घरी आला तेव्हा मराठी ऐकून आई हरखली. परमुलखात आपल्या भाषेचं पोर! शंकरपाळ्यांचा डबा काढला. त्याचं "काहून", "मले", "तुले" ऐकून हसली, "अरे, हे कसलं रे मराठी तुझं?" तोही हसला. "आमचं असंच आहे काकू, संत्र्यासारखं. आंबट लागते पयले." आई खूश. मग तिने विचारलंच, जसं जयपूर विचारतं तसं. "आडनाव काय म्हणालास?"

त्याने सांगितलं. आईचा चेहरा कोरा झाला नाही. झाला असता तर बरं.

"हो का," ती म्हणाली. "घे ना, शंकरपाळी घे." डबा पुढे केला, त्याने घेतल्या, सगळं रीतसर झालं. त्याला येऊ नको असं आमच्या घरात कधी कोणी म्हटलं नाही. आम्ही तसले नव्हतो. छावणी, स्टेशन, सांगानेर, कुठे कुठे विखुरलेल्या मराठी बायकांचं संक्रांतीचं हळदीकुंकू त्या वर्षी आमच्याकडे होतं. त्याची बोलावणी मीच सायकलवरून देऊन आलो. त्याच्या आईला बोलावणं नव्हतं. निघण्यापूर्वी मी विचारलं तर आई वाण मोजता मोजता म्हणाली, "त्यांच्यात करत नाहीत." त्यांच्यात करत नसतीलही. ते बौद्ध होते. पण करत नाहीत म्हणून बोलावलं नाही आणि बोलवायचं नाही म्हणून ‘करत नाहीत’ हे आठवलं, यांतला फरक मला त्या वयातही समजत होता. समजून मी पुढच्या घराची घंटी वाजवली.

असो. खेळ.

खेळात संतरा आमच्या सगळ्यांचा बाप होता. बन्नाचा नायक दिसेल त्याच्यावर तलवार काढायचा आणि दर दोन दिवसांनी मरायचा. मग बन्ना तासभर फुरंगटून बसायचा आणि नवा नायक घ्यायचा, हुबेहूब तसाच. सेठचा नायक राक्षसांनाही दोर आणि मशाली विकायला बघायचा. संतऱ्याचा नायक म्हणजे गोफण बाळगणारा एक धनगर होता. बळ बेताचं, सोनं शून्य. पुलावरच्या त्या दगडी राक्षसाने बन्नाला दोनदा आणि सेठला एकदा नदीत फेकलं होतं. संतरा पुलाशी आला आणि म्हणाला, "मी खाली बसतो. त्याले इचारतो, हा पूल कोणी बांधला?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं. मी ठोकून दिलं, "राक्षसानेच बांधला."

"मंग त्याले इचार, मजुरी भेटली का?"

सेठ खो खो हसायला लागला. मी मास्टर, मला काहीतरी सांगणं भाग. म्हटलं, "नाही मिळाली." आणि संतरा त्या राक्षसाशी असा बोलत बसला की अर्ध्या तासाने तो राक्षस राजाकडून थकलेली मजुरी मागायला त्याच्याबरोबर निघाला. मध्ये तीनदा फासे पडले, त्यांत एकदा तो जवळजवळ मेला होता. वीस बाजूंचा फासा टाकण्यापूर्वी तो हातात घोळवायचा नाही, फुंकर मारायचा नाही. ठेवल्यासारखा टाकायचा आणि आकड्याकडे बघायचा. जो येईल तो. त्या दुपारी खेळ संपला तेव्हा मला वाटलं होतं की हे जग मी चालवत नाही, तो चालवतोय. आणि मला ते आवडलं होतं. हेही सांगायला हवं. मला तो बाकी दोघांपेक्षा फार आवडायचा.

बन्नाला नाही आवडलं. दुसऱ्या दिवशी तो आला तोच एक सुधारणा घेऊन.

"ये गेम ना, मेजर, इसमें एक बात ग़लत है," खाटेवर मांडी ठोकत तो म्हणाला. "गढ़ के दरवाज़े पर कोई पूछता ही नहीं कि किसका बेटा है. ऐसा होता है कहीं? कोई भी गड़रिया चला आए अंदर?"

गडरिया म्हणजे धनगर. त्याचं म्हणणं असं की प्रत्येक नायकाला आडनाव पाहिजे. आडनावाला गुण पाहिजेत. शून्य ते दहा. दरवाजा असो, पूल असो, दरबार असो, पहिल्यांदा आडनाव सांगायचं. दहा गुण असतील तर रस्ता सरळ मोकळा. त्याहून कमी असतील तर जेवढे कमी तेवढं अवघड, फासे टाका.

मी मास्टर. पुस्तकात लिहिलंय आडनाव लागत नाही, असं म्हणून मी विषय मिटवू शकलो असतो. पण खरं सांगू? मला ती कल्पना एकदम पटली. पुस्तकातले राक्षस, बुटके, बोलकी झाडं सगळं आम्ही मान मोडून खरं मानायचा प्रयत्न करत होतो. ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी कल्पनाशक्ती लागत नव्हती.

बन्नाने नायकाला स्वतःचंच आडनाव लावलं आणि दहा गुण घेतले. कोणाला विचारलं नाही. सेठनेही स्वतःचंच लावलं. त्याला बन्नाने सहा दिले. सेठ वारशाला साजेशी घासाघीस करत साडेसातवर आला, "और अगर मेरा हीरो दरवाज़े की मरम्मत करवा दे, तो?" बन्ना म्हणाला आठ, पण मागच्या दाराने. सेठ म्हणाला मंजूर.

मग मी. मीही माझंच लावलं. नायकाला हजार आडनावं देता आली असती. वज्र, विजा, वाघ, काय वाटेल ते. सगळं जग हाताशी असताना चार पोरं आपापल्या बापाचं आडनाव लिहीत होती, आणि याला आम्ही कल्पनेचा खेळ म्हणत होतो.

बन्नाने माझ्या आडनावाकडे पाहिलं. तोच कोरा चेहरा.

"तुम लोगों का… क्या दूँ? सात?"

सात! सेठच्याही खाली! मी वडिलांचं अख्खं भाषण हिंदीत म्हणून दाखवलं. शहाण्णव कुळी, मोहीम, वतन, आणि शेवटी आमचं मूळ चित्तोडचं.

"चित्तौड़ से तो सब आए हैं, मेजर," बन्ना जांभई देत म्हणाला. "हमारा नाई भी वहीं से आया है."

माझे कान तापले. पापड मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

एवढ्यात संतऱ्याने त्याचा कागद पुढे सरकवला. धनगराच्या नावापुढे त्याने ठळक अक्षरात त्याचं आडनाव लिहिलं होतं. खरं. स्वतःचं.

मी हळू आवाजात मराठीत म्हटलं, "अरे, हिरोचं आहे. दुसरं काहीतरी घे ना. भारी."

"काहून? हे हलकं आहे का?"

तो हसतच म्हणाला. आमच्या मराठीकडे बन्नाचं लक्ष नव्हतं. तो दोन कागद शेजारी शेजारी धरून बघत होता, माझा आणि संतऱ्याचा.

"ये भी तेरे जैसा ही है ना?" त्याने मला विचारलं. "दोनों मराठे. चल, दोनों को सात-सात."

मी आजवर ज्या ज्या वेळी गप्प राहायला नको होतं त्या वेळी गप्प राहिलोय. या एका वेळी गप्प राहिलो असतो तर आयुष्य बरं गेलं असतं. सात-सात. काय बिघडलं असतं? दोन पोरांचे दोन नायक, फासे टाकत टाकत, शेजारी शेजारी गढीच्या दारातून आत गेले असते. त्या खोलीत ते आडनाव वाचता येणारा मी एकटा होतो. बन्नाला येत नव्हतं, सेठला येत नव्हतं. संतऱ्याचे पप्पा नागपुराहून एवढ्या लांब येऊन ज्या कोऱ्या चेहऱ्यांत निवांत झाले होते, ते दोन चेहरे माझ्यासमोर बसले होते. मी त्यांना वाचायला शिकवलं.

"नहीं," मी म्हटलं. "इसका अलग है."

"अलग मतलब?"

"मतलब…" मी संतऱ्याकडे बघितलं नाही, कागदाकडे बघितलं. "ज़ीरो."

बन्नाला जास्त समजवावं लागलं नाही. भूगोलात त्याला राजधान्या आठवायच्या नाहीत, गणितात तो काठावर पास व्हायचा, पण या विषयात तो जन्मजात पंडित होता. त्याने आधी संतऱ्याकडे, मग माझ्याकडे पाहिलं, आणि "अच्छा" म्हणाला. फार लांब अच्छा. मग पेन्सिल उचलून माझ्या कागदावरचा सात खोडला आणि तिथे दहा केले.

म्हणजे सौदा असा झाला. माझ्याखाली कोणीतरी आहे हे मी सिद्ध केलं, आणि तेवढ्यावर वर चढलो. चित्तोड, मोहिमा, वतनं, यांतलं काही उपयोगी पडलं नव्हतं. तो दहाचा आकडा बघून मला काय वाटलं ते विचाराल तर आनंद झाला. शरम नंतरची. त्या क्षणी आनंदच झाला, आणि वडिलांना सांगावंसं वाटलं.

कूलरचा पंप घरघरत होता. संतऱ्याने खोडरबर घेतलं, आपला कागद नीट समोर ओढला आणि आडनाव खोडायला लागला. सावकाश, कागद फाटू न देता. मला वाटलं आता हा उठून जाईल, किंवा मला शिवी देईल. नागपूरकडच्या शिव्या त्याला फार सुंदर यायच्या. खोडून झाल्यावर त्याने कचरा फुंकला आणि मराठीत मला म्हणाला,

"मंग तुझं लावतो."

"काय?"

"तुझं आडनाव. हिरोचंच आहे ना? कोणतंबी लावता येते."

"क्या बोल रहा है?" बन्नाने विचारलं.

मी सांगितलं नाही. संतऱ्यानेच सांगितलं. "मैंने कहा, मेरे हीरो को मेजर का सरनेम लगा दो. दस नंबर."

सेठने टाळी वाजवली. बन्ना माझ्याकडे बघत गालातल्या गालात हसला. त्याला यात माझीच मजा दिसत होती, आणि ती होतीच. "रूल तो रूल है, मेजर. हीरो का नाम है, कुछ भी रख सकता है." नाही म्हणायला मला कारण द्यावं लागलं असतं. तोंडाने. मोठ्याने. संतऱ्याकडे बघून. एवढं धैर्य माझ्याकडे नव्हतं. एका शब्दात घाव घालण्यापुरतं होतं, स्पष्टीकरण देण्याइतकं नव्हतं.

आणि मग आम्ही खेळलो.

गढीचं पहिलं दार. पहारेकरी मीच, आवाज मीच काढायचो. "कोण आहे? पूर्ण नाव?" संतऱ्याने नाव सांगितलं, आणि त्यापुढे माझं आडनाव. दहा गुण. दार उघडलं. दुसरं दार. नाव, माझं आडनाव. उघडलं. डाव नव्याने मांडलेला, म्हणून दगडी राक्षस पुन्हा त्याच पुलावर, जिथे आदल्या दिवशी त्याने मजुरीची गोष्ट काढली होती. आज गोष्ट नाही. नाव, आडनाव. राक्षस बाजूला झाला. आम्हीच केलेल्या नियमाप्रमाणे त्याला बाजूला व्हावंच लागत होतं. तो माझं आडनाव उच्चारत होता तो आवाज मला अजून ऐकू येतो. त्यात टोमणा नव्हता, नक्कल नव्हती. रेल्वेवाल्यांची माणसं तिकीट चेकरला पास दाखवतात तसा, न बघता, न थांबता.

सेठला हसू आवरत नव्हतं. "अब ड्रैगन भी पूछेगा, कौन होते हो आप?" मी सगळी सुट्टी खर्चून एक भुयार रचलं होतं, सापळे, कोडी, आंधळी वळणं, आणि तळाशी खजिन्यावर बसलेला जळक्या पंखांचा एक अजगर. त्या अजगराला मी फार जपून ठेवलं होतं. त्याने विचारलं, कोण आहेस? संतऱ्याने सांगितलं. अजगर सरकला.

खेळ संपला. जेवणानंतरची झोप उतरायच्या आत सगळं जग संपलं. खजिना, मुकुट, सगळं त्या धनगराला मिळालं. वीस बाजूंचा फासा सकाळपासून होता तिथेच पडला होता.

संतऱ्याने तो उचलला, उलटासुलटा केला, आणि माझ्यासमोर ठेवला.

"एकदाबी टाकावा नाही लागला," तो म्हणाला. "याच्यात खेळाचं काय आहे बे?"

मग उठला, चपला घातल्या. दारात आईने त्याला अडवलं, "अरे, एवढ्यात निघालास? थांब की, कोकम सरबत करतेय." "नको काकू. झालं खेळून." सायकलचं स्टँड काढल्याचा आवाज आला. बाहेर लू वाहत होती, अंग भाजून काढणारा वारा. अशा उन्हात छावणीतून स्टेशनपर्यंत जायला कोणी निघत नाही.

तो आमच्या घरी परत आला नाही. आम्ही तिघांनी दोन-चारदा खेळून पाहिलं. बन्नाचा नायक दहाचा, माझा दहाचा. पहिल्याच दाराशी आधी कोण आत जाणार यावरून आमचं भांडण झालं आणि दोघंही बाहेर उभे राहिलो. सेठचा नायक मागच्या दाराने जाऊन केव्हाच जेवायला बसला होता. सुट्टी संपण्याआधी डबा माळ्यावर गेला.

शाळेत संतरा माझ्याशी बोलायचा. हेच अवघड होतं. अबोला धरला असता तर माफी मागता आली असती. तो गणिताची वही द्यायचा, क्रिकेटमध्ये मला आधी बॅटिंग द्यायचा, मेजर म्हणायचा. मी रोज ठरवायचो की आज बोलू. वर्षभर ठरवत होतो. शब्दही ठरले होते. मग वडिलांची बदली आली.

आमचं सामान रेल्वेने जायचं होतं, म्हणजे पार्सल ऑफिसातून. वडील, मी आणि दोन जवान काळ्या ट्रंका घेऊन गेलो. तिथल्या टेबलामागे संतऱ्याचे पप्पा होते. बारीक, केसांचा नीट भांग पाडलेले. शेजारी स्टुलावर संतरा, शाळा सुटून आलेला, डबा खात. मराठी ऐकून पप्पा उठून उभे राहिले, चहा सांगितला, ट्रंका आतल्या बाजूला लावून घेतल्या. वडील खूश झाले. आणि विचारलंच. "आपलं नाव?"

त्यांनी सांगितलं. पूर्ण. आवाज खाली न आणता.

"अच्छा, अच्छा," वडील म्हणाले. लांब अच्छा. मला वाटलं होतं तसा फक्त बन्नालाच जमतो. मग वडिलांनी आमचं आडनाव सांगितलं, जरा छाती काढून. इथे निदान एक माणूस होता ज्याला ते वाचता येत होतं.

संतऱ्याने घास गिळला. मी त्याच्याकडे बघत होतो, तो माझ्याकडे. आता सांगेल. सांगावं, असंही मला वाटत होतं. म्हणजे मला सांगावं लागलं नसतं.

"पप्पा," तो शांतपणे म्हणाला, "हा मेजर. माझ्या वर्गातला. याचं आडनाव दहा नंबरचं आहे."

पप्पांनी पोराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या चेहऱ्यावरून काय गेलं ते मी शेवटपर्यंत पाहिलं नाही. मी ट्रंकेच्या कुलपाकडे बघायला लागलो. वडील मात्र मोकळे हसले. जयपुरात आल्यापासून इतके मोकळे हसलेले मी त्यांना पाहिले नव्हते. संतऱ्याच्या पाठीवर त्यांनी थाप मारली. "शाब्बास! पोराला कळतं बरं का!"

गाडी सवाई माधोपूरला पोहोचेपर्यंत ते आईला तेच सांगत होते. "रेल्वेतल्या माणसाचं पोरगं, पण बघ, आडनाव ऐकलं आणि म्हणालं दहा नंबरचं. हे रक्तात असतं." आई म्हणाली, "हुशारच होता तो." मी खिडकीतून बाहेर बघत होतो.

पुढे तीस-पस्तीस वर्षं वडील हा किस्सा सांगत राहिले. लग्नांत, निवृत्तांच्या बैठकीत, माझ्या सासऱ्यांना पहिल्याच भेटीत. हळूहळू त्यात भर पडली. पोरगा उठून उभा राहिला, मग त्याने सॅल्यूट केला, मग बाप म्हणाला साहेब आमचं भाग्य. ठाकूरसाहेबांच्या पापडावर त्यांना अखेर औषध सापडलं होतं. आणि ते त्यांना संतऱ्याने दिलं होतं. मी बहुतेक वेळा त्याच खोलीत असायचो. "विचारा याला, हा होता तिथे," असं म्हणून ते माझ्याकडे वळायचे. एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य मी शाळेतल्या त्या शेवटच्या वर्षातच ठरवून पाठ केलं होतं. पण त्यांचा आनंद मोडवत नाही, अशी मी समजूत घातली. म्हाताऱ्या माणसाचा आनंद हे भित्र्या मुलाचं फार सोयीचं लपायचं ठिकाण असतं. मी म्हणायचो, "हो, होतो."

गेल्या महिन्यात वडील गेले. शोकसभेत त्यांचे एक जुने स्नेही बोलायला उभे राहिले आणि त्यांनी तो किस्सा सांगितला. सॅल्यूटसकट. सभागृहातले लोक गहिवरून माना डोलावत होते. नंतर माझी पाळी होती. लपायला आता कोणी उरलं नव्हतं. मी उठलो, माईकपाशी गेलो. समोर दीडेकशे माणसं, बहुतेक आमचीच, आमच्याच आडनावांची. मी सगळ्यांचे आभार मानले. तो किस्सा खरा आहे, असंही म्हटलं.